फॅमिली थेरपीत अर्धवेळ डॉक्टरेट: ही पदवी नेमकी कोणासाठी?

मुलगा शाळेत जायला तयार नाही, सुनेचं आणि सासूचं बोलणं बंद आहे, वडिलांचं पिणं वाढलंय. फॅमिली थेरपिस्ट अशा तक्रारी एकाच माणसाचा दोष म्हणून बघत नाही. घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते तो पाहतो आणि जमेल तितक्यांना एकत्र बसवून बोलतं करतो. या विषयात नोकरी सांभाळून डॉक्टरेट करता येते. ब्रिटन आणि अमेरिकेत तसे अभ्यासक्रम आहेत. पण ही पदवी घेतली की थेरपिस्ट होता येतं, असा अनेकांचा समज असतो आणि तो महागात पडू शकतो.

या व्यवसायात शिरण्याचं दार मास्टर्सच्या पातळीवर आहे. ब्रिटनमध्ये फॅमिली थेरपिस्ट व्हायला टप्प्याटप्प्याने साधारण ४ वर्षांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते मास्टर्सच्या पातळीवर संपतं आणि मग नोंदणी होते. अमेरिकेत मास्टर्सनंतर ठरावीक तास देखरेखीखाली काम करून राज्याचा परवाना मिळवावा लागतो. डॉक्टरेट त्याच्या पुढची पायरी आहे. ती प्रामुख्याने आधीच काम करणाऱ्यांसाठी आहे.

मग पीएचडीपेक्षा वेगळं काय?

पीएचडीत सहसा एक मोठा प्रबंध आणि नव्या ज्ञानाची भर यांवर भर असतो. प्रोफेशनल डॉक्टरेटमध्ये आधी काही वर्षं वर्ग आणि निबंध, नंतर तुलनेने लहान प्रबंध, आणि त्याचा प्रश्न स्वतःच्या कामातून आलेला. ब्रिटनमध्ये ही पद्धत शिक्षणक्षेत्रातही रुजली. ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ मध्ये शिक्षकांसाठी अशी पदवी सुरू केली. फॅमिली थेरपीसाठी लंडनची टॅव्हिस्टॉक संस्था ओळखली जाते. अमेरिकेत या पदवीला 'डॉक्टर ऑफ मॅरेज अँड फॅमिली थेरपी' म्हणतात. प्राध्यापकी किंवा निव्वळ संशोधन करायचं असेल तर तिथेही पीएचडीच जास्त उपयोगी ठरते.

'अर्धवेळ' हा शब्द फसवा आहे. दिवसभर रुग्ण आणि सुपरव्हिजन, रात्री वाचन, शनिवार-रविवारी लेखन, असं चार-सहा वर्षं चालतं. पण खरी कसोटी वेळेची नसते. संशोधन आपल्याच कामावर असल्यामुळे समोरचं कुटुंब एकाच वेळी रुग्णही असतं आणि अभ्यासाचा विषयही. आपल्याला मदत करणाऱ्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, या संकोचापोटी ते होकार देऊ शकतं. शिवाय कुटुंबप्रमुखाचा होकार म्हणजे सगळ्या घराचा होकार नव्हे. सुनेने थेरपीत सांगितलेली गोष्ट प्रबंधात नाव बदलून आली, तरी सासूला ती वाचताक्षणी ओळखू येईल. बाहेरच्यांपासून ओळख लपवणं त्या मानाने सोपं. म्हणूनच नैतिकता समितीची परवानगी ही कागदी औपचारिकता नसते, आणि तिच्यात कधीकधी महिनोन् महिने जातात.

भारतातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक मेख व्हिसात आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदव्युत्तर पातळीचं अर्धवेळ शिक्षण घेता येतं, पण अशा विद्यार्थ्याला तिथे काम करायची परवानगी नसते. काम करता करता शिकायची पदवी आणि कामालाच बंदी! त्यामुळे हा मार्ग तिथे आधीच कामाचा हक्क असलेल्या लोकांना, उदाहरणार्थ तिथे स्थायिक झालेल्या मराठी समुपदेशकांना, जास्त सोयीचा आहे.

भारतात काय चालतं?

भारतात फॅमिली थेरपिस्ट म्हणून वेगळा परवाना नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलं शिक्षण लागतं. फॅमिली थेरपीतली डॉक्टरेट त्याची जागा घेत नाही. बंगळुरूच्या निमहान्समध्ये कुटुंबांसोबत काम करणारं स्वतंत्र फॅमिली सायकिअट्री सेंटर आहे. नोकरी सोडायची नसेल तर अर्धवेळ पीएचडीचा पर्याय उरतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी करता येत नाही. घरबसल्या 'डॉक्टर' करून देण्याची जाहिरात दिसली तर फी भरण्याआधी हा नियम तपासून पाहावा.