शाळाच गेली कुरणावर

पोरगं शाळेत जात नाही, म्हणून आपण त्यालाच बोल लावतो. अनुताई वाघांनी शाळेलाच बदलायला लावलं.

जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. तरी शिकल्या. १९२५ मध्ये इगतपुरी केंद्रातून व्हर्नाक्युलर फायनलला पहिल्या आल्या. १९२९ पासून आपल्याच चांदवड तालुक्यातल्या खेड्यांत त्यांनी शिकवलं. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी गेल्या.

मुलं गुरांमागे जायची, म्हणून कुरणशाळा काढली. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तीच विकासवाडी. पानं, बिया, दगड, शिंपले हेच साहित्य. निरखायचं, निवडायचं, मोजायचं. विज्ञान इथूनच सुरू होतं. स्वतः अनुताई पदवीधर झाल्या एक्कावन्नाव्या वर्षी.

आमच्या गटातल्या कितीतरी जणी द्राक्षबागेत मजुरीला जातात आणि घरी लेकीची शाळा बुडते. तिला आळशी म्हणू नका. धाकट्याला अंगणवाडीत घाला, तिला शाळेत धाडा. येत्या बैठकीत आपण हाच विषय घेऊ.