झोल्नहोफेन : छपाईचा दगड आणि आदिपक्षी

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात झोल्नहोफेन आणि आइखश्टेट या गावांच्या परिसरात फिकट पिवळसर चुनखडकाच्या खाणी आहेत. हा खडक उत्तर ज्युरासिक काळातला, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा येथे उथळ, उबदार समुद्र होता. स्पंज व प्रवाळांच्या भित्तींनी अडवलेल्या पाण्याचा तळ अतिखारट आणि प्राणवायूला पारखा असे. मेलेले जीव फस्त करणारे प्राणी तिथे तगत नसत आणि चुन्याचा बारीक गाळ शवांवर अलगद साचे. म्हणूनच पिसे आणि चतुरांचे पंखही दगडात उमटलेले दिसतात. एका लादीवर खेकड्यासारख्या मेसोलिम्युलसच्या पावलांची रांग आणि तिच्या टोकाशी मेलेला तो प्राणी, असेही नमुने मिळाले आहेत.

रोमन काळापासून या दगडाच्या फरश्या होत. १७९६च्या सुमारास म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डर याने शिळाछपाईचा (लिथोग्राफीचा) शोध लावला आणि दगडाचे मोल वाढले. छपाईला एकजिनसी, डाग-भेग नसलेला दगड लागे. तसा तो येथे विपुल होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना याच तंत्राचा.

सुरुंगाने दगड फोडला, तर कामाची शिळा वाया जाते. त्यामुळे कामगार छिन्नी-हातोड्याने एकेक थर सोडवत आणि प्रत्येक लादी निरखून पाहत. लादी उकलली की जीवाश्म एका बाजूस आणि त्याचा ठसा दुसऱ्या बाजूस दिसे. छपाईच्या दृष्टीने हा दोष. पण त्याचे पैसे होतात, हे कामगारांना पुढे कळले.

१७८४ मध्ये कोसिमो कोल्लिनी याने येथील एका विचित्र सांगाड्याचे वर्णन केले. तो उडणारा सरीसृप असल्याचे पुढे क्युव्हिएने ओळखले. १८६१ मध्ये हेर्मान फोन मायर याने एका पिसाचे वर्णन केले आणि त्याच वर्षी पिसांसह एक सांगाडाही उजेडात आला. तो कार्ल हेबरलाइन या डॉक्टरकडे, सांगतात त्याप्रमाणे उपचाराच्या मोबदल्यात, गेला. १८६२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याचा जीवाश्मसंग्रह ७०० पौंडांना घेतला. त्यात हा सांगाडाही होता. पिसे पक्ष्याची, पण दात, नख्या आणि हाडांची लांब शेपटी सरीसृपाची, असा हा आर्किऑप्टेरिक्स. डार्विनचा उत्क्रांतिग्रंथ या शोधाच्या दोनच वर्षे आधी निघाला असल्याने या जीवाश्माला मोठे महत्त्व आले. त्याच्या नावातील ‘लिथोग्राफिका’ हे पद छपाईच्या दगडावरूनच आले.

काही नमुने ओळखायला मात्र वेळ लागला. १८५५ मध्ये मिळालेला एक तुकडा उडत्या सरीसृपाचा समजून हार्लेमच्या संग्रहालयात पडून होता. जॉन ऑस्ट्रॉम याने १९७० मध्ये तो आर्किऑप्टेरिक्स म्हणून ओळखला.

जस्त आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यांमुळे छपाईसाठीची मागणी ओसरली. फरश्यांसाठी खोदकाम मात्र सुरू राहिले. लाद्या अजूनही हाताने उकलल्या जातात आणि जीवाश्म अजूनही मिळतात.