सनदेचे मोल

'फ्रँचाइझ' म्हटले की आपल्याला चहाच्या किंवा वडापावच्या दुकानांची साखळी आठवते. अमेरिकेतील राज्यांचा 'फ्रँचाइझ टॅक्स' त्या दुकानांवरचा नव्हे. इथे फ्रँचाइझ म्हणजे सत्तेने बहाल केलेला हक्क; आपल्या जुन्या दप्तरांतला जवळचा शब्द 'सनद'. पेशवाईतला मोहतर्फा दुकानावर आणि कसबावर बसे. हा कर बसतो तो कंपनी म्हणून धंदा करण्याच्या मुभेवर.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे कंपनी काढायची तर बहुधा विधिमंडळाकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. पुढे सर्वसाधारण कायदे आले आणि ठरावीक कागद भरून कंपनी नोंदवता येऊ लागली. सनद सोपी झाली, पण तिचे मोल राज्यांनी सोडले नाही. न्यू जर्सीने 1884 साली असा वार्षिक कर बसवला. कायदे सैल ठेवून कंपन्या बोलवायच्या आणि त्यांच्या शुल्कावर तिजोरी भरायची, ही रीत 1899 साली डेलावेअरने उचलली. 1913 साली गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी न्यू जर्सीचे कायदे कडक केले, तेव्हा अनेक कंपन्यांनी डेलावेअरची वाट धरली.

टेक्सासात हा कर 1907 पासून आहे. आधी तो भांडवलावर होता, 1991च्या बदलानंतर मिळकतीवरही आला आणि 2008 पासून उलाढालीतून ठरावीक वजावट करून उरणाऱ्या 'मार्जिन'वर आहे. कंपनी न नोंदवता एकट्याने चालवलेल्या दुकानाला तो लागू नाही. त्या मालकाने सनद घेतलेलीच नसते. 2024 साली करमाफीची मर्यादा वार्षिक 24 लाख 70 हजार डॉलर उलाढालीवर नेली गेली आणि 'कर देणे नाही' असे कळवण्याचा फॉर्मही रद्द झाला. छोट्या कंपनीच्या मालकाला वाटावे, सुटलो!

तसे नाही. कंपनीच्या संचालकांची किंवा मालकांची माहिती देणारा अहवाल दरवर्षी 15 मेपर्यंत द्यावाच लागतो. सूचना येऊनही तो दिला नाही, तर राज्य व्यवसायाचा हक्क काढून घेऊ शकते. मग कंपनीला टेक्सासच्या न्यायालयात दावा लावता येत नाही आणि त्या काळात झालेले तिचे कर्ज संचालकांच्या अंगावर येऊ शकते. धंदा बुडाला तरी घरदार वाचावे, म्हणून तर माणूस कंपनी काढतो. एक डॉलरही कर देणे नसताना, न भरलेल्या एका कागदापायी नेमके तेच कवच गळून पडते. टेक्सासात धंदा थाटलेल्या आपल्या माणसांनीही हे ध्यानात ठेवावे: माफी कराची मिळते, सनदेच्या अटींची नाही.