‘सिद्धगड’ टाइप करून बघा, डिझायनरचं काम कळेल

अनुभव वाढला की डिझायनरच्या मीटिंग वाढतात आणि वापरणारा माणूस लांब राहतो. आयआयटी मुंबईचे प्रा. अनिरुद्ध जोशी मात्र त्याच माणसाकडे परत आले. २००४ मध्ये त्यांच्या टीमने ‘कीलेख’ मांडला: वर्णमालेच्या क्रमाने बटणं लावलेला कीबोर्ड. शाळेत क-ख-ग शिकलेल्याला वेगळा टायपिंग क्लास कशाला? पुढे टचस्क्रीन आली. प्रश्न तोच, उत्तर नवं: ‘स्वरचक्र’.

मुरबाडचा ‘सिद्धगड’ लिहून बघा. ‘स’ दाबून धरला की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. बोट ‘सि’कडे सरकवा. आता खरी अडचण, ‘द्ध’. चक्रातच ‘द’चा पाय मोडा, लगेच बटणांवर जोडाक्षरं दिसतात. शोधायचं काही उरत नाही, ‘द्ध’ समोरच असतो.