मार्ग आधी कुणाचा?

'मार्ग' हा शब्द आपण रोज वापरतो. संस्कृत कोशात त्याचं मूळ 'मृग' या शब्दाशी जोडलेलं आहे. आणि मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे बरं का, कुठलंही रानातलं जनावर. म्हणजे मार्ग ही आधी जनावराची वाट. हे भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. रस्ते बांधणाऱ्यांना कळायला वेळ लागला.

नागपूर-जबलपूर रस्ता घ्या. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 7, आता 44. तो पेंचच्या जंगलातून जातो आणि पेंच-कान्हा हा वाघांच्या ये-जा करण्याचा पट्टा कापतो. चौपदरीकरण ठरलं तेव्हा वाद पेटला. वन्यजीवप्रेमी, वनखातं, महामार्ग प्राधिकरण. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. त्यातून महाराष्ट्राच्या हद्दीत 5 भुयारी मार्ग आणि 4 छोटे पूल झाले. 'भुयारी' म्हणायचं एवढंच. प्रत्यक्षात रस्ता खांबांवर उचललाय आणि खालून जंगल सलग ठेवलंय. सगळ्यात मोठा भाग 750 मीटरचा.

पण वाघ पुलाखालून जाणार का? शंका रास्त होती. कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात अशा वाटा बांधल्या, तेव्हा अस्वलांना विश्वास बसायला काही वर्षं लागली. पेंचला 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं कॅमेरे लावले. 18 जातींचे वन्यप्राणी दिसले. 11 वेगवेगळे वाघ मिळून 89 वेळा गेले.

आता दुसरी बाजू. डिसेंबर 2017. नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ 'बाजीराव' नावाचा बोरचा वाघ वाहनाच्या धडकेत मेला. जिल्हा तोच, रस्ता वेगळा. जिथे माणसं भांडली तिथे वाट मिळाली, हा यातला इतिहास. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर प्राण्यांसाठी वरून आणि खालून वाटा आराखड्यातच धरल्या, ही पुढची पायरी म्हणायची.

मात्र पूल बांधला म्हणजे संपलं नाही. दोन्ही टोकांना जंगल राहिलं तरच त्या वाटेला अर्थ. तिथे हॉटेलं आणि प्लॉट आले, तर जनावरानं जायचं कुठे?

आणि आपण म्हणतो, 'प्राण्यांना वाट करून दिली.' दिली कसली? त्यांचीच होती. थोडीशी परत केली, इतकंच.