एक्झॉस्ट फॅनला थर्मोस्टॅट लावायचा? आधी हे वाचा

मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहतो. इकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. एक्झॉस्ट फॅन ही गरम हवा बाहेर टाकतो, पण तो लावायला-बंद करायला रात्री कोण उठणार? हे काम थर्मोस्टॅट करू शकतो. कसं, ते बघू.

थर्मोस्टॅट कसा चालतो?

सोपं आहे. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून आपोआप चालू-बंद होणारं बटण. सेन्सर तापमान मोजतो, कंट्रोलर ते तुम्ही सेट केलेल्या आकड्याशी ताडून बघतो आणि रिले फॅनचा करंट जोडतो किंवा तोडतो.

समजा, तुम्ही 32 अंश सेट केले आणि 2 अंशांचा फरक ठेवला. खोली 32 वर गेली की फॅन सुरू, 30 वर आली की बंद. हा फरक ठेवलाच नाही, तर फॅन सारखा चालू-बंद होतो आणि रिले लवकर खराब होतो. मोड मात्र कूलिंगचाच निवडा. हीटिंगवर राहिला तर सगळं उलटं होईल.

विदर्भातली खरी अडचण

दुपारी खोलीत 36 अंश आहेत आणि बाहेर 45. थर्मोस्टॅटला फक्त आतले 36 दिसतात, म्हणून तो फॅन लावतो. फॅन 36 ची हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी 45 ची हवा आत येते. खोली 30 वर येतच नाही, फॅन संध्याकाळपर्यंत थांबत नाही. बिल पण वाढतं, उकाडा पण!

मग उपाय काय?

1. टायमर: वायफाय स्मार्ट स्विच घेतला तर मोबाईलच्या ॲपमधून वेळ ठरवता येते. फॅन रात्री ते सकाळ एवढाच चालू द्या.

2. दोन सेन्सर: एक खोलीत, एक बाहेर सावलीत. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 2-3 अंश जास्त असेल तरच फॅन सुरू होतो. याला डिफरेन्शियल थर्मोस्टॅट म्हणतात. माझ्या मते आपल्याकडे हाच सगळ्यात चांगला.

3. साधं बटण काढू नका: दुपारी कूलर चालू असताना दमट हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट लागतोच. तेव्हा तो हाताने लावता यायला हवा.

बसवताना लक्षात ठेवा

सेन्सर ऊन, बल्ब आणि तापलेल्या स्लॅबपासून लांब ठेवा. हवा आत यायला समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर फॅन नुसताच फिरेल.

स्वयंपाकघरात हा जुगाड नको. गॅस गळत असेल तर आपण बटणाला हात लावत नाही, पण थर्मोस्टॅटला ते कसं कळणार? रिलेची एक ठिणगीही धोक्याची ठरू शकते.

आणि हो, ॲपमधली सेटिंग तुम्ही करा, पण 230 व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.