जाते, फड आणि देऊळ : मराठी गाण्यातले सोवळे-ओवळे

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली. अभंग आणि लावणी यांची नावे एका दमात घेणे मुळात योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे. चिठ्ठी रागाने लिहिलेली दिसते, पण प्रश्न चांगला आहे. आज आपण त्याच्याच मागे लागू.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करावी लागते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे बघा, ओवी हे कामाचे गाणे. मुसळाच्या ठोक्यावर चालणारे, जात्याच्या घरघरीवर चालणारे. त्यात माहेर यायचे, भाऊ यायचा, देवही यायचा. गाणाऱ्या बाईने त्यांचे वेगळे कप्पे केलेले नव्हते. आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली ती कशात? ओवीत. ग्रंथातली ओवी आणि दळणाची ओवी तंतोतंत एक नाहीत, हे कबूल. पण संस्कृत वृत्ते हाताशी असताना बायकांच्या ओठावरचा छंद उचलावासा वाटला, ही गोष्ट लहान नाही.

सोळाव्या शतकात एकनाथांनी हेच अधिक मोकळेपणाने केले. वाघ्या, जोशी, गोंधळी ही सगळी रस्त्यावरची मंडळी त्यांनी भारुडात आणली. गवळणी लिहिल्या. पुढे तमाशाचा साचा ठरला तो कसा? आधी गण, मग गवळण, मग लावणी. गणपतीला वंदन केल्याशिवाय फड उभाच राहत नाही. एकनाथांच्या गवळणीतली राधा इथे ढोलकीवर येते. देवाच्या गाण्याने लोकांकडून घेतले, लोकांच्या गाण्याने देवाकडून घेतले, आणि कोणी हिशेब ठेवला नाही.

मग फरक काहीच नाही का? आहे, आणि तो नीट पाहू. भजनात टाळ, मृदंग, आणि धृपद सगळ्यांनी मिळून धरायचे. तिथे निव्वळ ऐकणारा असा कोणी उरत नाही. लावणीत एक जण गातो, बाकीचे बघतात, ऐकतात, दौलतजादा करतात. हा मोठा फरक. पण विषयावरून निवाडा करायला गेलात तर पंचाईत होते. कलगीवाले आणि तुरेवाले यांच्या फडांवर रात्ररात्र भांडण चालायचे ते प्रकृती श्रेष्ठ की पुरुष श्रेष्ठ यावर! आम्ही आयुष्यभर वर्गात हाच वाद शिकवला. डफ-तुणतुण्यावर शिकवला असता तर पोरे कमी पेंगली असती.

पश्चिमेतही ही अडचण जुनीच आहे. सेंट ऑगस्टीनने आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये कबूल केले आहे की, प्रार्थनेतल्या अर्थापेक्षा गळ्यानेच आपण जास्त हलतो तेव्हा आपल्याला अपराधी वाटते. म्हणजे सोवळे-ओवळे गाण्यात नाही, ऐकणाऱ्याच्या मनात आहे, असे त्याला म्हणायचे होते. आम्हाला बरीच वर्षे हे उत्तर पुरेसे वाटत असे.

आमच्या घरात लावणी हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मात्र 'अमर भूपाळी' या १९५१ च्या चित्रपटातली भूपाळी रेडिओवर लागली की आजी फुले निवडता निवडता हात जोडायची. ती भूपाळी होनाजीच्या नावावर आहे, आणि होनाजी म्हणजे पेशवाईतला नावाजलेला लावणीकार. त्याच्या रचना त्याचा साथीदार बाळा गायचा. कॉलेजात गेल्यावर शहाणपणा म्हणून आम्ही हे आजीला सांगितले. ती म्हणाली, "असेना का! पहाटेचंच म्हटलंय ना त्यानं?" आणि पुन्हा फुलांकडे वळली. ऑगस्टीनच्या डोक्यात न आलेला मुद्दा तिने मांडला होता. गाणे कुठल्या वेळेला, कुठल्या जागी, कोणाच्या तोंडून येते यावर लोक त्याचे सोवळे ठरवतात.

शेवटचे 'कोणाच्या तोंडून' हेच खरे दुखणे. सोलापूरचा रामजोशी ब्राह्मणाघरचा, पुराणिकांच्या कुळातला. लावणीपायी भावाने त्याला घराबाहेर काढले, असे सांगतात. पण तो लावण्याही रचत राहिला आणि कीर्तनेही करत राहिला. मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या. संगमनेरच्या अनंत फंदीची आख्यायिका तर सर्वांना ठाऊक आहे: अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली, त्याने डफ फोडला आणि कीर्तनाला उभा राहिला. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, ती लोकांना पटली हे महत्त्वाचे. अशा माणसाला फडावरून देवळात परतायची वाट होती.

आता पठ्ठे बापूराव. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. वतन सोडून तमाशात आले, जातीने वाळीत टाकल्यासारखे झाले, गण, गवळणी, लावण्या लिहीत राहिले. त्यांच्या फडावर पवळा होती, महार समाजातली. बापूरावांच्या शब्दांना तिने आवाज आणि पाय दिले. रोज रात्री खेळ सुरू व्हायचा तो देवाच्या नावाने. पंढरपूरच्या विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. बापूराव १९४५ मध्ये गेले. पवळा त्यांच्याही आधी.